खेळ रंगावा, निकाल रंगवूं नये

रविवारची सायंकाळची उपासना आटोपली कीं आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी मोठ्या लगबगीनें बाहेर पडतात, ही गोष्ट बरेच दिवस आमच्या ध्यानांत येत होती. चौकशी करितां असें समजलें कीं, परदेशांतील कोठल्या तरी शहरीं त्या वेळीं ‘फॉर्म्युला वन’ नांवाची मोटारींची शर्यत चालूं असते, आणि तिचे शेवटचे फेरे तरी पाहावयास मिळावे म्हणून ही धांवपळ होत असते. प्रथम आम्हांस याचा रागच आला. पुढें एके रविवारीं त्यांच्या आग्रहास्तव आम्हीही पाहावयास बसलों. आणि प्रांजळपणें सांगावयाचें तर, त्यानंतर आग्रहाची गरज राहिली नाहीं.

यंदा वादविवाद मंडळांत दहावीच्या मुलांनीं याच शर्यतींचा विषय घेतला होता. प्रेक्षकांसाठीं त्या अधिक मनोरंजक कशा करतां येतील, असा प्रश्न होता. सूचनांचा पाऊस पडला. एकानें सांगितलें, पहिला येणाऱ्यास पुढील खेपेस सर्वांच्या मागें उभें करावें. दुसऱ्यानें सांगितलें, मध्येंच नळांनीं खोटा पाऊस पाडावा. तिसऱ्यानें सांगितलें, वर्षांतील शेवटच्या शर्यतीस दुप्पट गुण द्यावे. मुलें पोट धरून हंसलीं. परंतु या सूचना पोरकट म्हणून सोडून देण्यासारख्या नाहींत. खोट्या पावसाची कल्पना या खेळाचे त्या वेळचे सूत्रधार बर्नी एक्लस्टन यांनीं २०११ सालीं खरोखरच मांडली होती. आणि दुप्पट गुणांचा नियम २०१४ सालीं प्रत्यक्ष अंमलांत येऊन एका वर्षांतच रद्द झाला. मोठमोठ्यांनीं ज्याचा विचार केला तेंच आमच्या मुलांस सुचलें. तेव्हां हंसून भागणार नाहीं. खेळ रंगविण्यासाठीं वाटेल तें करावें, कीं त्यास कांहीं मर्यादा आहे, या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तसें वाटण्यास एक खासगी कारणही आहे. तें पुढें सांगूं.

प्रथम दुखणें काय आहे तें पाहूं. या शर्यतींची जागतिक अजिंक्यपदस्पर्धा १३ मे १९५० रोजीं इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें सुरू झाली. तेव्हांपासून गाड्यांचा वेग वाढत गेला आणि त्याबरोबर एक विचित्र अडचणही वाढत गेली. या गाड्यांना पुढें व मागें पंख असतात. विमानाचे पंख विमानास वर उचलतात. हे उलटे बसविलेले असल्यामुळें गाडीस रस्त्यावर दाबून धरतात, आणि त्यायोगेंच ती वळणावरही भरधांव जाऊं शकते. परंतु पुढची गाडी हवा कापीत गेली कीं तिच्या मागें भोंवऱ्यांनीं भरलेली हवा उरते. त्या हवेंत शिरलेल्या गाडीच्या पंखांस नीट काम करतां येत नाहीं. ती वळणावर घसरूं लागते, तिचे टायर तापतात, आणि चालक कितीही कुशल असला तरी त्यास अंतर राखून राहावें लागतें. मग वेगवान गाडी संथ गाडीच्या मागें अडकून पडते व प्रेक्षक जांभया देऊं लागतो.

या दुखण्यावर आजवर दोन प्रकारचे उपाय झाले. कांहीं मुळाशीं गेले. कांहींनीं वरून रंग दिला.

मुळाशीं जाणारा उपाय २०२२ सालीं आला. गाडीच्या तळाखालीं विशिष्ट आकाराच्या पोकळ्या ठेवून तिला रस्त्यावर धरून ठेवण्याचें बरेंचसें काम त्यांच्याकडे सोंपविलें, आणि मागें सुटणारी बिघडलेली हवा वरच्या दिशेस फेंकली जाईल अशी योजना केली. पूर्वीं पुढच्या गाडीच्या मागें २० मीटरांवर आलें असतां दाबाचा सुमारें ३५ टक्के भाग नाहींसा होत असे, तो आतां ४ टक्क्यांवर येईल, असा नियम रचणाऱ्यांचा हिशेब होता. त्यापूर्वीं एक वर्ष, म्हणजे २०२१ पासून, संघांच्या वार्षिक खर्चासही १४ कोटी ५० लाख डॉलरांची मर्यादा घातली गेली, कारण ज्याची थैली मोठी त्याचीच गाडी पुढें, असा प्रकार होऊन बसला होता. शिवाय जो संघ वर्षाच्या अखेरीस वरच्या क्रमांकावर असेल त्यास पुढील वर्षीं वाऱ्याच्या बोगद्यांत प्रयोग करण्यास कमी वेळ मिळावा, असेंही ठरलें. हे उपाय संथ आहेत. २०२३ सालीं २२ पैकीं २१ शर्यती एकाच संघानें जिंकिल्या, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु पुढच्याच वर्षीं २४ शर्यतींत सात निरनिराळ्या चालकांनीं प्रत्येकीं दोन किंवा अधिक विजय मिळविले. शेतांत पेरलेलें दुसऱ्या दिवशीं उगवत नाहीं, हें आमच्या पालकांस सांगावयास नको.

आतां वरून रंग देणारे उपाय पाहा. २०११ पासून मागच्या पंखांत एक झडप बसविण्यांत आली. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आंत जो येईल त्यासच ठराविक ठिकाणीं ती उघडण्याची मुभा; ती उघडली कीं हवेचा अडथळा कमी होऊन गाडी सुसाट सुटे. पुढच्यास मात्र तीच झडप उघडून आपलें स्थान राखतां येत नसे. गाड्या एकमेकींच्या पुढें जाऊं लागल्या खऱ्या, परंतु सरळ रस्त्यावर हतबल झालेल्या गाडीस मागें टाकणें पाहून कोणाचा श्वास रोखला जाईल? २०२६ च्या नियमांनीं ही झडप गेली व हलविता येणारे पंख सर्वांस सारखेच मिळाले. मागून येणाऱ्याची सवलत विजेच्या जादा शक्तीच्या रूपानें तेवढी राहिली. २०१६ सालीं आरंभींच्या जागा ठरविण्यासाठीं दर ९० सेकंदांनीं एकेका चालकास बाद करण्याची टूम निघाली. शेवटच्या क्षणीं मोठी चुरस होईल अशी अपेक्षा. प्रत्यक्षांत शेवटच्या क्षणीं रस्ता रिकामा! दोन शर्यतींनंतर ती टूम सोडून द्यावी लागली. २०२५ सालीं मोनॅको येथें, जेथील रस्ते इतके अरुंद आहेत कीं पुढें जाणें जवळजवळ अशक्यच, तेथें टायर दोन वेळां बदललेच पाहिजेत असें फर्मान निघालें. कांहीं संघांनीं काय करावें? आपल्या एका चालकास मुद्दाम संथ हांकावयास लावून मागची सारी रांग अडविली, आणि दुसऱ्यास सवडीनें टायर बदलून घेऊं दिले. वेगाच्या खेळांत संथपणाचें बक्षीस!

यावरून आमच्या मतें कसोटी सांपडते. खेळाच्या चालकांनीं नियम जरूर बदलावे. जुना नियम म्हणून तो पवित्र ठरत नाहीं. परंतु नवा नियम शर्यतीच्या आधीं सर्वांस ठाऊक असावा, तो सर्वांस सारखा लागू असावा, आणि त्यायोगें खेळाडूचें कौशल्य अधिक स्पष्ट दिसावें. दुप्पट गुणांचा नियम यांपैकीं पहिल्या दोन अटींस उतरत होता, तिसरीस उतरला नाहीं. शेवटच्या दिवशींची धांव पहिल्या दिवशींच्या धांवेहून दुप्पट चांगली कशी, हें कोणासच सांगतां आलें नाहीं.

कोणी म्हणतील, प्रेक्षकांस एवढा सूक्ष्म विचार नको असतो. त्यांस केवळ मौज हवी. यास आमचें उत्तर १२ मे २००२ चें आहे. त्या दिवशीं ऑस्ट्रियांत रुबेन्स बारिकेलो हा चालक जवळजवळ सारी शर्यत पुढें होता. शेवटच्या वळणानंतर, संघाच्या आज्ञेवरून, त्यानें वेग कमी केला व आपल्याच संघांतील मायकेल शूमाकर यास पुढें जाऊं दिलें. शेवटच्या कांहीं वारांवर पहिला क्रमांक बदलला! मौज हवी असणाऱ्यांनीं टाळ्या वाजवावयास हव्या होत्या. पण सारें मैदान धिक्काराच्या आरोळ्यांनीं भरून गेलें, आणि शरमिंद्या झालेल्या शूमाकरनें बारिकेलो यास विजेत्याच्या पायरीवर चढविलें. प्रेक्षकास फसविलें गेलेलें कळतें.

याहून अवघड प्रसंग १२ डिसेंबर २०२१ चा. अबूधाबी येथें वर्षाची शेवटची शर्यत होती. लुइस हॅमिल्टन व मॅक्स व्हर्स्टापन या दोघांचेही गुण ३६९.५ असे तंतोतंत समान होते. ५८ फेऱ्यांच्या या शर्यतींत हॅमिल्टन बराच काळ पुढें होता. ५३ व्या फेऱ्यांत एका मागच्या चालकाची गाडी भिंतीवर आदळली, आणि रिवाजाप्रमाणें सर्वांचा वेग रोखणारी सेफ्टी कार रस्त्यावर आली. व्हर्स्टापननें ती संधि साधून नवे टायर चढविले; हॅमिल्टनचे टायर जुनेच राहिले. येथपर्यंत सर्व नियमानुसार होतें. पुढें मात्र शर्यतीच्या संचालकांपुढें प्रश्न पडला. सेफ्टी कारच्या मागेंच शर्यत संपूं द्यावी, तर साऱ्या जगाचा विरस. नियमाचें प्रत्येक पाऊल पाळावें, तर फेरे शिल्लक राहात नाहींत. त्यांनीं मधला मार्ग काढिला. फेऱ्यानें मागें पडलेल्या सर्व गाड्यांस पुढें काढून देण्याऐवजीं या दोघांच्या मधल्या पांचच गाड्यांस जाऊं दिलें, आणि त्यानंतर आणखी एक फेरा न थांबतां लगेच शर्यत मोकळी केली. एकच फेरा उरला होता. नव्या टायरांच्या बळावर व्हर्स्टापन पुढें गेला व जगज्जेता झाला.

त्या फेऱ्याइतकी उत्कंठा क्वचितच कोणीं अनुभविली असेल. व्हर्स्टापनचा येथें कांहींच दोष नाहीं. वाट मिळाली तेव्हां तो धैर्यानें धांवला. संचालकांचें नांव घेण्याचेंही आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. पुढील चौकशींत त्यांचा हेतु शुद्ध होता, चूक मानवी होती, असेंच ठरलें, आणि त्यांस त्या पदावरून दूर व्हावें लागलें. निकाल कायम राहिला. नियमांत एका शब्दाची दुरुस्ती झाली: ‘कोणत्याही’ गाड्यांस जाऊं द्यावें याऐवजीं ‘सर्व’ गाड्यांस जाऊं द्यावें, असें लिहिलें गेलें. व्याकरणाच्या तासास शब्दाची किंमत काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

आतां तें खासगी कारण. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच मैदानावर वार्षिक क्रीडासामन्यांच्या शेवटीं चार गटांची रिले शर्यत होती, आणि पंचाचें काम आमच्याकडे होतें. प्रमुख पाहुणे नुकतेच येऊन बसले होते. तीन टप्पे संपतां संपतां एक गट इतका पुढें गेला होता कीं पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. चौथ्या टप्प्याच्या आरंभीं प्रेक्षकांतील एक लहान मूल धांवपट्टीवर आलें. आम्हीं शिटी वाजवून शर्यत थांबविली, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. मूल सुखरूप होतें. नियमाप्रमाणें सारी शर्यत पुन्हां घ्यावयास हवी होती. पण उन्हें कलली होतीं, पाहुण्यांस घाई होती, आणि शेवट चांगला दिसावा असा मोह आम्हांस झाला. आम्हीं फक्त चौथा टप्पा, चौघांस एका रेषेवर उभें करून, नव्यानें धांवविला. अटीतटीची शर्यत झाली. पुढें असलेला गट छातीभर अंतरानें हरला. लोकांनीं टाळ्यांनीं मैदान दणाणून सोडलें. त्या दिवशींची सर्वांत चांगली शर्यत तीच, असें पाहुण्यांनीं भाषणांत सांगितलें, आणि आम्ही सुखावलों.

बक्षीससमारंभ संपल्यावर हरलेल्या गटांतला तिसऱ्या टप्प्याचा मुलगा आमच्याजवळ आला. तक्रारीचा सूर नव्हता. त्यानें इतकेंच विचारलें, “सर, आम्ही तिघांनीं जें अंतर काढलें होतें, तें कुठें गेलें?”

आम्हीं त्यास कांहींतरी थातुरमातुर सांगून वाटेस लाविलें. उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. अबूधाबीचा तो शेवटचा फेरा पाहातांना सारे विद्यार्थी उभे राहून ओरडत होते, आणि आम्हांस तो मुलगा आठवत होता. पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं आम्हीं तीन मुलांचे श्रम पुसून टाकले होते, तेंही त्यांच्या देखत, आणि हातांत शिटी होती म्हणून.

तथापि विरुद्ध बाजूही न्यायानें मांडिली पाहिजे. नियम पाळला कीं सर्व कांहीं साधलें, असें समजणेंही चूक. १९ जून २००५ रोजीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें मिशेलिन कंपनीचे टायर एका तिरप्या वळणावर धोक्याचे ठरले. तेथें वेग कमी होईल असा अडथळा उभारावा, अशी विनंति झाली. आयत्या वेळीं मार्ग बदलतां येत नाहीं म्हणून ती नाकारली गेली. परिणामीं २० पैकीं १४ गाड्या आरंभींच माघारीं वळल्या, आणि लांबून पैसे खर्चून आलेल्या लोकांनीं सहा गाड्यांची शर्यत पाहिली. त्या सहांत आपल्या देशाचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन होते, व त्यांचा चौथा क्रमांक आला, एवढेंच आपल्या वांट्याचें समाधान. तसेंच २९ ऑगस्ट २०२१ रोजीं बेल्जियममधील स्पा येथें लोक तासन् तास पावसांत भिजत बसले. सेफ्टी कारच्या मागें दोन-चार फेरे झाले, खरी शर्यत झालीच नाहीं, आणि नियमावर बोट ठेवून अर्धे गुण वांटले गेले. वर सांगितलेल्या ३६९.५ मधील तो अर्धा गुण तेथलाच. नियमाचें अक्षर राहिलें, पण प्रेक्षकास त्याचें देणें मिळालें नाहीं.

मग मार्ग कोणता? अशा प्रसंगांचा विचार आधींच करून ठेवणें, हाच. २००७ पासून सर्व संघांस एकाच कंपनीचे टायर मिळूं लागले, म्हणून इंडियानापोलिसचा प्रसंग पुन्हां उद्भवला नाहीं. स्पा येथील प्रकारानंतर, सेफ्टी कारविना निदान दोन फेरे झाल्याशिवाय गुण नाहींत, असा नियम झाला. प्रेक्षकाच्या हिताचा विचार शांत डोक्यानें, कागदावर, हंगामाच्या आधीं व्हावा. टाळ्यांच्या आवाजांत तो केला तर बहुधा कोणाच्या तरी पदरचें काढून दुसऱ्यास दिलें जातें.

आपल्या देशांतही हा प्रश्न एकदां वेगळ्या रीतीनें उभा राहिला होता. २०११ ते २०१३ अशीं तीन वर्षें ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटावर ही शर्यत झाली, व तिन्ही वेळां सेबास्टियन फेटेल विजयी झाला. उत्तर प्रदेश शासनानें, हा खेळ नसून करमणूक आहे, असें धरून कर मागितला. आणि त्या वादामुळें पुढें ती शर्यत तेथें झाली नाहीं. कर योग्य होता कीं नाहीं, यांत आम्ही पडत नाहीं. परंतु त्या अधिकाऱ्यांनीं विचारलेला प्रश्न शर्यत भरविणाऱ्यांनीं स्वतःस रोज विचारण्यासारखा आहे. ज्याचा शेवट कोणीतरी ठरवितो ती करमणूक. ज्याचा शेवट कोणासच ठाऊक नसतो आणि कोणी ठरवूंही शकत नाहीं, तो खेळ. नाटकाचा पांचवा अंक लेखकानें लिहावा. शर्यतीचा शेवटचा फेरा धांवणाऱ्यांनींच लिहावा.

आणि असा शेवट नीरस असतो असें मुळींच नाहीं. ७ डिसेंबर २०२५ रोजीं त्याच अबूधाबी येथें तिघांस अजिंक्यपदाची आशा होती. व्हर्स्टापननें शर्यत जिंकिली. लँडो नॉरिस तिसरा आला, आणि ४२३ विरुद्ध ४२१ अशा दोन गुणांनीं जगज्जेता ठरला. एक जागा मागें पडला असता तर सारें वर्ष हातचें गेलें असतें. कोणीं खोटा पाऊस पाडला नाहीं, दुप्पट गुण दिले नाहींत, कोणास मध्येंच थांबविलें नाहीं. आमच्या मुलांनीं त्या सायंकाळीं नखें कुरतडलीं तीं खऱ्या उत्कंठेनें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाचे दोन गुण वाढवावे, स्नेहसंमेलनांत प्रत्येकास कांहींतरी बक्षीस मिळावें, म्हणजे सर्वांस आनंद होईल, अशा सूचना आपण प्रेमानें करितां. त्यांमागील माया आम्ही जाणतों. पण एकास अकारण दिलेला आनंद दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांतून कापलेला असतो, आणि तो दुसरा मुलगा बहुधा गप्प राहातो. पौल प्रेषितानें तीमथ्यास लिहितांना मल्लाचा दाखला घेऊन सांगितलें आहे कीं, नियमाप्रमाणें लढल्यावांचून मुकुट मिळत नसतो. तो उपदेश खेळाडूंस आहे. पण ज्यांच्या हातीं मुकुट देण्याचें काम असतें त्यांसही तो तितकाच लागू आहे, हें आम्ही उशिरा शिकलों.

तो विचारणारा मुलगा आतां मोठा झाला असेल. हा अंक कदाचित् त्याच्या धाकट्या भावंडाच्या हातून त्याच्या घरीं जाईल. त्यास आमचें उत्तर असें: बाळा, तें अंतर कोठेंही गेलें नव्हतें. तें तुम्हां तिघांचेंच होतें, आणि आम्हीं तें घेतलें. त्यानंतर या मैदानावर शर्यत थांबली तर ती पहिल्या टप्प्यापासूनच पुन्हां घेतली जाते, मग पाहुणे थांबोत वा न थांबोत.